बुर्जी आणि दीडशे जीबी

पुण्याहून भाच्यानं मला बेळगावला पाठवलेली हार्डडिस्क चार दिवस कोल्हापुरात अडकून पडली. सीमेवर काहीतरी तापलं होतं, दोन्ही राज्यांच्या बसगाड्या कोगनोळीच्या अलीकडं-पलीकडं थांबल्या होत्या, आणि माझी डिस्क आत्याच्या घरी कपाटावर, पापडाच्या डब्याशेजारी. शेवटी आत्याचाच फोन आला. "काय आहे रे ह्या पेटीत?"

"बुद्धिबळाचा शेवट आहे, आत्या."

"कुठल्या डावाचा?"

"सगळ्याच."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तब्येत बरी आहे न्हवं तुझी?"

सगळ्याच म्हणताना मी जरा फुगवून सांगितलं होतं. दोन्ही राजे धरून पटावर सहा किंवा त्याहून कमी मोहरे उरले की पुढं काय होणार, ते त्या डिस्कमध्ये लिहिलेलं होतं. अंदाज नव्हे, उत्तर. दोघांनीही एकही चूक न करता खेळायचं ठरवलं तर पांढरा जिंकतो, काळा जिंकतो की बरोबरी होते, एवढं ठाम. याला टेबलबेस म्हणतात. माझ्याकडं येत होता तो 'सिझिजी' नावाचा प्रकार, रोनाल्ड द मान यांनी २०१३ मध्ये आणलेला. सहा मोहऱ्यांपर्यंतचा संच दीडशे जीबीच्या आसपास भरतो. सातांचाही आहे, तो २०१८ मध्ये पुरा झाला, पण तो अठरा टेराबाइटच्या वर जातो. त्याचा विषय मी बायकोसमोर काढलाच नाही. आणि दीडशे जीबी तरी घरच्या जोडणीवर का उतरवून घेतले नाहीत, हे ज्यानं बेळगावच्या टिळकवाडीतला जुलै पाहिलाय तो विचारणार नाही.

ही उत्तरं काढतात कशी, हे पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा मला कणकुंबी आठवली. माझं बालपण खानापूरचं. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, पूर्वेकडं वाहत जाते आणि कुडलसंगमला कृष्णेला मिळते, म्हणजे तिचं पाणी अखेर बंगालच्या उपसागरात. त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला पडलेला पाऊस कळसा नाल्यातून म्हादईत उतरतो आणि गोव्यातून अरबी समुद्राला लागतो. दोन थेंब हातभर अंतरावर पडतात, आणि एक इकडचा होतो, एक तिकडचा. आता एखाद्या थेंबाचं काय होणार ते सांगायचं असेल, तर एक वाट अशी की त्याच्यामागं चालत सुटायचं. जिथं ओहोळ फुटेल तिथं थांबायचं, हे फाटे बघायचे, ते बघायचे. बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे खेळणारा प्रोग्रॅम, एरवी हेच करतं. मी अशी खेळी केली, त्यानं तशी केली, मग मी पुन्हा अशी. फाटे फुटत जातात आणि इंजिनाची दमछाक होते.

दुसरी वाट उलटी. कुडलसंगमला उभं राहायचं आणि प्रवाहाविरुद्ध चढत यायचं. प्रत्येक ओढ्यावर, प्रत्येक ओहोळावर खूण करत यायचं की हे पाणी संगमाला जातं. चढता चढता नवीन ओहोळ सापडेनासा झाला की ज्यांच्यावर खूण नाही ते पाणी दुसरीकडचं. रिचर्ड बेलमन या गणितज्ञानं १९६५ मध्ये बुद्धिबळाच्या शेवटासाठी हीच उलटी वाट सुचवली. आधी मात झालेल्या सगळ्या स्थिती लिहून काढायच्या. मग एक खेळी मागं सरकायचं. जिंकणाऱ्याला मात होण्यापर्यंत नेणारी एक खेळी मिळाली तरी पुरे. हरणाऱ्याच्या बाबतीत मात्र कडक हिशेब: त्याच्या सगळ्या खेळ्या खड्ड्यातच जाणाऱ्या असल्या पाहिजेत, सुटकेची एक जरी वाट राहिली तरी ती स्थिती हरलेली म्हणायची नाही. असं मागं मागं. शेवटी खुणेविना जे उरतं ती बरोबरी.

कल्पना इतकी साधी की उद्यमबागेत आमच्या मशीन शॉपमध्ये टेबल पुसता पुसता सांगून होते. अडचण फक्त आकड्यांची. सात मोहऱ्यांच्या वेगवेगळ्या स्थिती ४२३ लाख कोटी भरतात.

ह्या मागून चालण्यानं काय काय बाहेर काढलं! केन थॉम्प्सननं, म्हणजे ज्यानं युनिक्स ही संगणकप्रणाली लिहायला हात लावला तोच, सत्तरच्या दशकात वजीर विरुद्ध हत्ती हा शेवट पुरता सोडवला. पुस्तकं म्हणत होती, वजीरवाला आरामात जिंकतो. संगणक हत्ती घेऊन बसला आणि अमेरिकेचा विजेता राहिलेला ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन वजीर घेऊन. शंभर डॉलरची पैज. अचूक खेळलं तर जास्तीत जास्त ३१ खेळ्यांत संपणारा शेवट, ब्राउनला ५० खेळ्यांत जमला नाही. कारण संगणक हत्ती राजापासून लांब नेऊन ठेवायचा, माणूस ठेवणार नाही अशा ठिकाणी. ब्राउन घरी गेला, अभ्यास केला, परत आला आणि बरोबर पन्नासाव्या खेळीला हत्ती मारून पैसे सोडवून घेतले. मला ह्या गोष्टीतला पराभव आवडत नाही, ते परत येणं आवडतं.

पुढं दोन उंट विरुद्ध घोडा. १८५१ पासून पुस्तकांत बरोबरी म्हणून बसलेली एक किल्लेबंदी थॉम्प्सनच्या यंत्रानं १९८३ मध्ये फोडली. पुढं सात मोहऱ्यांत तर एक स्थिती निघाली जिथं मात द्यायला ५४९ खेळ्या लागतात. त्या खेळ्या मी एकदा पडद्यावर चालवून पाहिल्या. पहिल्या चारशे खेळ्यांत काय चाललंय, मला काडीचं कळलं नाही. कुणालाच कळत नाही. राजा इकडून तिकडं, घोडा तिकडून इकडं, म्हातारी माणसं अंगणात फिरतात तसं, आणि अचानक सगळं खरं होतं.

तर आता इंजिनाकडं. माझा छंद असा की रात्री दोन इंजिनं एकमेकांशी लढवायची आणि सकाळी चहा घेताना निकाल बघायचे. कोंबडे झुंजवण्यापेक्षा बरं, कायदेशीर आणि शाकाहारी. डिस्क एकदाची बेळगावात पोचली तेव्हा मी स्टॉकफिश नावाचं एकच इंजिन दोनदा उभं केलं. एकाला टेबलबेसचा पत्ता दिला, दुसऱ्याला नाही. सुरुवातीच्या खेळ्या दोघांना सारख्याच, रंग आलटून पालटून. शॉपमधला माझा बैलहोंगलचा सहकारी, ज्याच्याशी मी निम्मं मराठी निम्मं कन्नड बोलतो आणि जो बुद्धिबळाला चदुरंग म्हणतो, तो म्हणाला, "ह्यात बघायचं काय? एकाला शेवट पाठ आहे, एकाला नाही. पाठ असलेला मारणार की."

मलाही तसंच वाटत होतं. पहिल्या आठवड्याचे निकाल बघून मला वाटलं, पत्ताच चुकीचा दिलाय. दोघं जवळजवळ सारखे. पुन्हा तपासलं. पत्ता बरोबर होता, इंजिन डिस्क वाचत होतं, पडद्यावर टेबलबेसला हात लागल्याचे आकडे हजारोंनी वाढत होते. फरक मात्र शोधून सापडेना.

उलट एक गोष्ट सापडली, ती खटकणारी. इंजिनाचा वेग पडला होता. माझी डिस्क जुन्या पद्धतीची, आत चकती फिरणारी. अशा डिस्कला चकतीवरच्या नव्या जागी जायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो, म्हणजे सेकंदाला फार तर शंभर ठिकाणं. आणि इंजिन? साध्या घरगुती संगणकावरही ते सेकंदाला लाखो स्थिती चाळतं. ज्याचं घड्याळ लाखांत चालतं त्याला शंभरानं मोजणाऱ्याच्या दारात उभं केलं, तर त्याचा वेळ रांगेतच जाणार. आमच्या सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या मशीनवर, असं होतं. मशीन तयार, टूल तयार, आणि माणूस स्टोअरमध्ये ड्रॉइंग आणायला गेलेला. म्हणून जाणते लोक निदान जिंकणं-हरणं सांगणाऱ्या फायली तरी एसएसडीवर, म्हणजे चकती नसलेल्या डिस्कवर, ठेवतात, जिथं वाट बघणं पुष्कळ कमी. सिझिजीत त्या फायली मुद्दाम वेगळ्या आहेत. झाडाच्या फांद्यांवर इंजिनाला एवढंच हवं असतं की इथं जीत, हार का बरोबरी. किती खेळ्यांत हे त्यावेळी नको, म्हणून त्या छोट्या ठेवल्यात. डाव प्रत्यक्ष सहा मोहऱ्यांवर आला की मगच दुसऱ्या फायली उघडायच्या.

मग मी पगारातून एसएसडी घेतली. वेग परत आला. निकाल? तरीही तेच.

इथं मला थोडा राग आला, खोटं कशाला सांगू. दीडशे जीबी. भाच्याचा वेळ, आत्याचं कपाट, एसएसडीचे पैसे. आणि ज्ञान कसलं, तर निखळ, ज्यात शंका नाही असं. त्याची किंमत पटावर एवढीच?

हळूहळू कारणं उलगडत गेली. एक तर मी खेळवत होतो ते डाव थोडे. दोन इंजिनांमधला पाचसात एलोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या गुणांचा, फरक शेदोनशे डावांत दिसतच नाही, तो नशिबाच्या गोंगाटात बुडतो. त्यासाठी हजारो, दहा-दहा हजार डाव लागतात. ज्यांनी तेवढे खेळवले त्यांना जुन्या स्टॉकफिशमध्ये टेबलबेसमुळं दहाच्या वर एलो मिळताना दिसत. २०२० मध्ये स्टॉकफिशच्या मूल्यमापनात न्यूरल नेटवर्क आलं, आणि त्यानंतर तो फायदा दोन-तीन एलोवर उतरला. म्हणजे जवळजवळ काही नाही.

न्यूरल नेटवर्क आल्यावर का उतरला, हे मला सगळ्यात गमतीचं वाटतं. ही जाळी शिकतात ती कोट्यवधी डावांवरून. त्यातलं बरंचसं खाद्य लीला नावाच्या दुसऱ्या इंजिनाच्या डावांतून आलं, आणि लीलाच्या शिकवणीचे डाव आधीच टेबलबेसला दाखवून दुरुस्त केलेले असतात: इथं तू जिंकलोय म्हणालास, पण ही बरोबरी होती. म्हणजे टेबलबेस दारातून बाहेर ठेवला तरी तो आधीच आईच्या दुधातून आत गेलेला. पुस्तक न उघडता पोराला पाढे येतात, कारण शेजारच्या खोलीत रोज कुणीतरी म्हणत होतं.

आणि खरं कारण त्याहून साधं. डाव सहा मोहऱ्यांवर येईपर्यंत त्याचा निकाल बहुधा लागलेला असतो. पंधरा-वीस मोहरे पटावर असताना, मधल्या गर्दीत, कुणीतरी एका प्याद्याची चूक करतो आणि तिथंच पाणी इकडचं की तिकडचं ठरतं. पुढचे चाळीस घाट टेबलबेसनं बघितले काय आणि इंजिनानं स्वतः पोहून काढले काय, समुद्र तोच. इंजिनांच्या मोठ्या स्पर्धेत, टीसेकमध्ये, तर डाव टेबलबेसच्या हद्दीत शिरला की स्पर्धेची यंत्रणाच डाव थांबवून निकाल लिहिते. म्हणजे शेवट खेळून दाखवायचीही गरज राहत नाही. फरक पडतो तो काही ठराविक जागी: हत्ती-प्यादं विरुद्ध हत्ती, वजीर-प्यादं विरुद्ध वजीर, जिथं एक प्यादं जास्त असूनही बरोबरी असते आणि इंजिनाला ते दहा खेळ्या आधी कळलं तर ते त्या वाटेला जाणार नाही. अशा जागा आहेत, पण रोजच्या नव्हेत.

चेकर्समध्ये मात्र उलटं झालं. अल्बर्टा विद्यापीठाच्या जोनाथन शेफर यांच्या चिनूक प्रोग्रॅमनं दहा सोंगट्यांपर्यंतचे सगळे शेवट साठवले, वरून सुरुवात खाली आली, खालून शेवट वर आला आणि २००७ मध्ये दोन्ही टोकं भेटली. अख्खा खेळ सुटला: बरोबरी. तिथं शेवट पाठ असणं म्हणजे सगळं पाठ असणं. बुद्धिबळात मधला डोंगर एवढा मोठा की खालच्या गावाचा नकाशा कितीही अचूक असला तरी शिखराचा पत्ता लागत नाही.

"साकु," सहकारी म्हणाला. पुरे. त्याला एवढंच ऐकायचं होतं की कोण जिंकलं.

पण मला ती डिस्क काढून टाकवेना. एक रविवार असाच, पाऊस लागलेला, मी एकेक स्थिती मांडून बघत बसलो. जिंकत असलेला डाव इंजिन किती वेडावाकडा खेळतं, ते बघण्यासारखं असतं. सिझिजीच्या फायली मात होईपर्यंतचं अंतर मोजत नाहीत. पुढचं प्यादं हलेपर्यंत किंवा पुढचा मोहरा मरेपर्यंतचं अंतर मोजतात. त्यामुळं नुसत्या फायलीवर भरवसा ठेवून खेळलं तर वजीर-हत्ती विरुद्ध हत्ती असताना खुशाल वजीर देऊन हत्ती घेतला जातो. कारण मारामारी झाली की मोजणी शून्यावर येते आणि जीत तरीही पक्की. बघणाऱ्याला वाटतं, डोकं फिरलं ह्याचं. हे सगळं मोजणं कशासाठी? पन्नास खेळ्यांच्या नियमासाठी. पन्नास खेळ्यांत प्यादं हललं नाही, काही मेलं नाही, तर बरोबरी मागता येते. म्हणून सिझिजीत निकाल तीन नाहीत, पाच आहेत. जिंकलेला, हरलेला, बरोबरी, आणि मधले दोन. एक शापित विजय, म्हणजे स्थिती जिंकलेली आहे पण पन्नासात बसत नाही. त्याचंच दुसरं अंग, वरदान लाभलेला पराभव. ते ५४९ खेळ्यांचं आश्चर्य, नियमापुढं शापितच.

म्हणजे बघा, पटावरचं निखळ सत्य म्हणतो आपण, तेसुद्धा नियम कुणाचा यावर हलतं. यंत्रांनी असे लांब शेवट दाखवल्यावर जागतिक संघटनेनं काही शेवटांसाठी पन्नासाची मर्यादा वाढवली होती, १९९२ मध्ये पुन्हा सगळीकडं पन्नास केली. मोहरे तिथंच, घरं तिथंच, आणि जिंकलेले डाव एका ठरावानं बरोबरीत गेले. आम्हा सीमेवरच्यांना ह्यात नवल वाटत नाही. १९५६ पासून आमचा एक डाव चालू आहे, १९६७ मध्ये महाजन आयोगानं निकाल लिहिला तो एका बाजूला मान्य, दुसऱ्या बाजूला नाही, आणि २००४ पासून तो सुप्रीम कोर्टात आहे. आमच्याकडं निकाल हा शब्द लोक जपून वापरतात.

माझे आजोबा, ज्यांना आम्ही अज्जा म्हणायचो, खानापूरला कौलांच्या भट्टीवर होते. ते जुन्या देशी पद्धतीनं खेळायचे. प्यादं पहिल्या खेळीला दोन घरं जाणार नाही. राजाला शह बसलेला नसेल तर जन्मात एकदा घोड्यासारखी उडी. आणि बुर्जी. समोरच्याचे सगळे मोहरे मेले, नुसता राजा उरला, की बुर्जी झाली, डाव अनिर्णित. म्हणून अज्जा जिंकत असले की माझं शेवटचं प्यादं मारायचे नाहीत. त्याला जपायचे, चारा घातल्यासारखे. "उघडा राजा मारण्यात काय शौर्य?" म्हणायचे. आता विचार केला तर त्या नियमानं अख्खा टेबलबेसच बदलेल. एकटा राजा उरलेली प्रत्येक स्थिती बरोबरी, वजीर असो नाहीतर दोन हत्ती. तसा टेबलबेस बनवायला अवघड नाही, उलटी वाट तीच, फक्त संगम निराळा. कुणी बनवला असेल असं वाटत नाही.

सातवीत असताना शाळेतल्या सरांनी आम्हाला नवे नियम शिकवले. ते स्पर्धांना सांगलीला जायचे, भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळात, आणि तिथलं ते वेदवाक्य. त्याच पावसाळ्यात मी पहिल्यांदा अज्जांचं शेवटचं प्यादं मारलं. माझा राजा आणि एक प्यादं, त्यांचा नुसता राजा. अज्जा म्हणाले, "बुर्जी." मी म्हणालो, "नाही, आता असं नसतं. मी वजीर करणार." हरायला लागले की नियम काढतात, असं काहीतरी वाईटही बोललो. अज्जा हसले, म्हणाले, "बरं. तुझ्या नियमानं." काही खेळ्या झाल्या. मग लाइट गेली, आणि पुढचं मला आठवत नाही. मात्र सरांना दाखवायचं म्हणून वहीत पट काढून ठेवला होता, आणि ती वही माझ्याकडं आहे.

पांढरा राजा स्वतःच्या पट्टीत पाचव्या घरात. त्याच्या लगेच मागं प्यादं. समोर, एक घर सोडून, काळा राजा.

हे बघायला दीडशे जीबी लागत नाहीत. राजा-प्यादं विरुद्ध राजा हा टेबलबेस एवढा चिमुकला की स्टॉकफिश कित्येक वर्षं तो पोटातच घेऊन फिरायचा, २४ केबीत बसवून. जाणत्याला तेवढंही लागत नाही. ह्या स्थितीत ज्याच्यावर खेळी आली तो फसला. अज्जांची खेळी असेल तर मी जिंकलो, कारण त्यांना बाजूला सरावं लागणार. माझी असेल तर बरोबरी. तरीही मी ती स्थिती मांडली, टेबलबेसला विचारायला गेलो, आणि पडद्यावर आधी प्रश्न आला: खेळी कुणाची?

वहीत ते नाही. सगळं आहे. घरं काळी करून रेघा मारल्यात, प्याद्याला डोकं काढलंय, तारीख आहे, पानाच्या कोपऱ्यात शाईचा डाग आहे. खेळी कुणाची ते लिहिलेलं नाही. ते लिहायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

मी आत्याला फोन लावला. त्या वर्षी ती माहेरी आली होती, घरातच होती.

"आत्या, अज्जांचा आणि माझा तो डाव. लाइट गेली तेव्हा. खेळायची पाळी कुणाची होती?"

"पाळी कुणाची ते कुठलं ठावं मला? तू फुगून बसलेलास एवढं ठावं आहे."

"आणि अज्जा?"

"अप्पा पटाकडं बघत बसलेले अंधारात. दिसत काय होतं कुणास ठाऊक. मी कंदील घेऊन आले."

"मग?"

"मग काय? मी पट उचलला. तिथंच पानं मांडायची होती की."